निळा डाय दिला की सॅच्युरेशन का पडतं

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतली पहिली लसिकाग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो ती, शोधायला सर्जन निळा डाय, म्हणजे रंग, टोचतात, इथे नागपुरात मी पाहिलं ते बहुतेक मिथिलीन ब्लूच, स्वस्त आहे आणि लगेच मिळतं. कधी फिस्टुला, म्हणजे शरीरात तयार झालेला नको तो मार्ग, बघायला, कधी शिरेतून पण देतात. शिरेतून गेलं की मिनिटभरात मॉनिटरची बीप आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, खाली उतरायला लागतं, ९९, ९१, ८०, कधी ६५ पर्यंत, आणि ऑपरेशन थिएटरमधले सगळे एकदम माझ्याकडे, भूल देणाऱ्या डॉक्टरकडे, बघतात.

होतं असं की हा टक्का मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या, बोटाला लावलेल्या प्रोबमधून दोन प्रकाश जातात, लाल ६६० नॅनोमीटरचा आणि इन्फ्रारेड ९४० चा. ऑक्सिजन नसलेलं रक्त लाल प्रकाश जास्त शोषतं, आणि मिथिलीन ब्लू सगळ्यात जास्त शोषतं ते ६६८ च्या आसपास, म्हणजे अगदी शेजारी, त्यामुळे मशीनला वाटतं रक्तातला ऑक्सिजन संपला. पेशंटच्या रक्तात तो असतोच. काही मिनिटांत आकडा आपोआप वर येतो. पेटंट ब्लू या दुसऱ्या निळ्या डायचा परिणाम मात्र बराच वेळ रेंगाळतो. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा डाय ८०० च्या आसपास शोषतं म्हणून त्यात फरक थोडाच पडतो.

गंमत म्हणजे हे यंत्र डायच्याच कामातून जन्मलं. जपानचे ताकुओ आओयागी कानावर प्रकाश टाकून डायने हृदयाचं पंपिंग मोजत होते, नाडीचे ठोके मध्ये मध्ये यायचे, ते काढता काढता पल्स ऑक्सिमेट्रीची कल्पना सुचली, आणि १९७४ मध्ये त्यांनी ती मांडली.

पण माझं म्हणणं हे आहे, "डाय आहे ना, सोडा" असं म्हणून कोणीच मोकळं होऊ नये. या निळ्या डायने क्वचित जोरदार ॲलर्जी होते, बीपी कोसळतं, छाती आवळते, तेव्हा सॅच्युरेशन खरंच पडलेलं असतं, आणि डायने कातडीच निळसर दिसते म्हणून नुसत्या डोळ्यांनी पण कळत नाही. मी आधी १०० टक्के ऑक्सिजन करते, दोन्हीकडे छाती ऐकते, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ, श्वासनलिकेतलं प्रेशर, बीपी बघते, शंका राहिली तर एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, पाठवते, कारण त्यातला पीएओटू, म्हणजे ऑक्सिजनचा दाब, डायने बिघडत नाही. आणि सर्जनला माझी एकच विनंती असते, सर, टोचायच्या आधी मोठ्याने सांगा.

पेशंटला जी६पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची कमतरता आहे का, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का, हे मिथिलीन ब्लूच्या आधी विचारायलाच पाहिजे, दोन्हीत ते धोक्याचं ठरू शकतं. आणि नंतर लघवी हिरवी-निळी होते हे नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा, घाबरतात बिचारे.