चाळिशीनंतरचं नृत्य

शनिवार, रात्री

हा आठवडाभर कथकचा क्लास आटोपला की बॅलेचा नृत्यरचनाकार यिरी किलियान याच्या रचना पाहत बसते आहे. जेवणं उशिरा होताहेत, घरच्यांनी आता बोलणंही सोडलंय.

किलियान मूळचा प्रागचा, जन्म १९४७चा. इथे पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था सुरू केली तेही त्याच साली. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकून तो १९६८मध्ये, प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले त्याच वर्षी, जर्मनीत श्टुटगार्टला नृत्यरचनाकार जॉन क्रँकोच्या बॅले कंपनीत नाचायला लागला. क्रँको मनाचा मोठा. आपल्या नर्तकांना तो स्वतःच्या रचना करायला लावायचा. पुढे नावाजलेला नृत्यरचनाकार जॉन नॉयमायरही त्याच घरातला. १९७५मध्ये किलियान हेगच्या नेदरलँड्स डान्स थिएटरचा कलादिग्दर्शक झाला, १९७८मध्ये चेक संगीतकार यानाचेकच्या संगीतावरची ‘सिन्फोनिएटा’ अमेरिकेत गाजली आणि मग जगभर बोलावणी सुरू झाली.

पण मला खिळवून ठेवलंय ते १९९१ सालाने. त्या वर्षी त्याने साल्झबर्गच्या महोत्सवासाठी मोझार्टच्या संगीतावर ‘पतीत मोर’ (Petite Mort) केलं: सहा पुरुष, सहा स्त्रिया आणि सहा तलवारी. सगळी शरीरं तरुण, ताणलेल्या तारेसारखी. आणि त्याच वर्षी त्याने चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांसाठी कंपनीची वेगळी तुकडी उभी केली! तरुणांची दुसरी तुकडी १९७८पासून होतीच, ही तिसरी. पॅरिस ऑपेराचे नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात, त्या जगात हे.

या तिसऱ्या तुकडीसाठी त्याने २००१मध्ये केलेलं ‘बर्थ-डे’ मी पुन्हा पुन्हा पाहतेय. पुन्हा मोझार्टच. मागे पडद्यावर जुन्या दरबारी पोशाखातली जोडी स्वयंपाकघरात धावपळ करतेय, पीठ उडतंय, सगळं दुप्पट वेगात. पडद्यापुढे मात्र तेच नर्तक शांत बसलेले, नुसती मान वळवतात, हात उचलतात. त्यात किलियानची पत्नी साबिने कुप्फरबर्गही आहे. तिचा चेहरा एका मात्रेत हसरा असतो नि पुढच्या मात्रेत मावळलेला. हे विशीतल्या मुलीला जमणार नाही. तिथवर पोचायला वर्षंच जावी लागतात.

आपण कथकवाले अभिमानाने सांगतो की आमच्याकडे वयाची आडकाठी नाही, भाव वयाबरोबर पिकतो. खरंच आहे ते. पण करतो काय? साठीला पोचलेल्या ताईंना शाल-श्रीफळ देतो, पहिल्या रांगेत बसवतो आणि रंगमंचावर शिष्यांच्या चक्करांना, म्हणजे गिरक्यांना, टाळ्या वाजवतो. त्यांच्यासाठी नवी रचना कोण करतं? त्या बैठकीत ठुमरीचा भाव करतील, तीही कुणी आग्रह केला तर. गुडघे दुखणारं, पण तीस वर्षांची लय मुरलेलं शरीर काय सांगू शकतं, हे शोधायला कुणी बसतच नाही. किलियानने त्या नर्तकांचा सत्कार केला नाही, त्यांना काम दिलं, तालमी दिल्या, दौरे दिले. मला हे फार मोठं वाटतं, त्याच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठं.

काल एका विद्यार्थिनीच्या आईने सहज विचारलं, “ताई, तुम्ही आता नाही का करत स्टेजवर?” मी म्हटलं, करणार आहे.

आज माझ्याबरोबर शिकलेल्या तिघींना फोन केले. तिघी पन्नाशीच्या पुढच्या. एकीने घुंगरू माळ्यावर टाकलेत, ते काढते म्हणाली. विलंबित तीनतालात करायचं, चक्करं नाहीत, तत्कार, म्हणजे पायांचं काम, अगदी शेवटी आणि तोही बसून, पाऊल जमिनीवरून फारसं न उचलता. पढंत, म्हणजे बोल म्हणणं, आमची आम्हीच करायची. तबल्यावरच्या दादांनी बुधवार संध्याकाळ मोकळी ठेवलीये. सदाशिव पेठेतला हॉल सातनंतर मिळतोय, भाडं चौघींत वाटून घेऊ.