पारवा म्हणजे कबुतर ना?

रविवार, रात्र

आज दुपारभर दोघांना घेऊन कागदाचं इंद्रधनुष्य केलं. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. पट्ट्या मीच आधी कापून ठेवल्या होत्या. तांबडी २९ सेंटिमीटर, पुढची प्रत्येक ३ सेंटिमीटरने आखूड, शेवटची जांभळी ११. मागच्या वेळी अंदाजाने कापल्या आणि कमानी एकमेकींत घुसल्या. त्रिज्या १ सेंटिमीटरने घटली की अर्धवर्तुळाची कमान ३ सेंटिमीटरहून किंचित जास्त घटते, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. पट्टी पेन्सिलीवरून हलकेच ओढून घेतली की छान वळते, मग टोकं दुमडून पुठ्ठ्यावर चिकटवायची.

थोरला 'तानापिहिनिपाजा' घोकत पट्ट्या मांडत होता. 'पा'पाशी अडला. घोटीव कागदांच्या पाकिटात पारवा नव्हताच.

"आई, पारवा म्हणजे कबुतर ना?"

खरंच की! मी इतकी वर्षं नुसतं पाठ म्हणत आले. न्यूटननेही आधी पाचच रंग धरले होते, नारिंगी आणि पारवा त्याने मागाहून घातले, सप्तसुरांसारखे सात व्हावेत म्हणून. सहावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण थोरल्याला सातच हवे होते. शेवटी निळ्या कागदावर जांभळा खडू घासला. त्याला तो रंग पसंत पडला.

धाकटीचा सगळा जीव गोंदात. टोक अंगठ्याने दाबून धरायचं आणि मोजायचं, "एक, दोन, पाच, दहा!" प्रत्येक पट्टीवर तिच्या इवल्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. मला ते ठसे फार आवडले.

मग उरलेल्या तुकड्यांचं तिने एका कोऱ्या कागदावर आपलं वेगळं इंद्रधनुष्य चिकटवलं. जांभळा वर, तांबडा खाली. "चुकलं, चुकलं!" थोरला ओरडला. माझाही हात तुकडे काढायला पुढे गेला होता, तो मागे घेतला. त्याला सांगितलं, कधी कधी आकाशात दोन कमानी दिसतात. वरच्या फिकट कमानीतले रंग उलटे असतात, कारण तिथे प्रकाश थेंबाच्या आत एकदा नाही, दोनदा परावर्तित होतो.

कितपत कळलं कोण जाणे. थोडा वेळ गप्प बसला. मग तिचा कागद उचलून आपल्या कमानीच्या मागे, जरा उंचावर, भिंतीला टेकवला. ती टाळ्या वाजवत नाचली.

झोपताना ती अंगठ्यावरचा सुकलेला गोंद सोलत होती. मी धुवायला नेलं तर म्हणाली, "राहू दे ना."

राहू दिला.