आमची वाटचाल : सहा कॅमेऱ्यांची ऑर्डर

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. कॅमेरे बनवतो म्हटलं की लोकांना लग्नातला फोटोग्राफर आठवतो. आमचा कॅमेरा मशीनवर बसतो आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक पार्टमध्ये चीर, बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) किंवा अर्धवट आटे आहेत का ते बघतो. या धंद्यात जर्मनीची बास्लर, अमेरिकेची कॉग्नेक्स, जपानची कीयन्स अशी बलाढ्य नावं आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही टिकलात कसे, असं नवे उद्योजक विचारतात, म्हणून हे लिहितोय.

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप, आम्ही बनवत नाही. सोनीसारख्या मोजक्या कंपन्या तो बनवतात आणि मोठे स्पर्धकही त्यांच्याकडूनच घेतात. ते हजारांनी घेतात, आम्ही थोडे, त्यामुळे भावात आमचा निभाव लागणं शक्य नाही. २००६ साली कॅमेरा आणि कॉम्प्युटर जोडण्याचं गिगई व्हिजन हे मानक आलं, ते मात्र आमच्या फार उपयोगी पडलं. साध्या नेटवर्क केबलवरून १०० मीटरपर्यंत चित्र जातं, आणि हे मानक पाळणाऱ्या सॉफ्टवेअरला कॅमेरा कोणाचाही चालतो. ग्राहकाला आमच्यासाठी सगळी व्यवस्था बदलावी लागत नाही.

आमचं खरं बस्तान बसलं ते २०१५ नंतर. त्या वर्षी सोनीने सीसीडी हे जुन्या पद्धतीचे सेन्सर टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. चाकणपासून कोल्हापूरपर्यंत अनेक कारखान्यांत सीसीडी कॅमेरे लागलेले होते. एखादा बंद पडला की नवं मॉडेल घ्या, असं सांगितलं जायचं. पण नव्याचा आकार वेगळा, भोकं वेगळी, कनेक्टर वेगळा. म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारं फिक्स्चर बदला, वायरिंग बदला, प्रोग्रॅम बदला आणि ग्राहकाकडून पुन्हा मंजुरी घ्या. एका कॅमेऱ्यासाठी सगळी लाइन अडते.

आम्ही आत नव्या पद्धतीचा सीमॉस सेन्सर घातला आणि बाहेरचं सगळं जुन्यासारखं ठेवलं. ऐकायला सोपं आहे, पण बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांतला पिक्सेल ४.६५ मायक्रॉनचा आणि आम्ही निवडलेल्या नव्या सेन्सरचा ३.४५ चा. तीच लेन्स लावली तरी त्याच १३९२ × १०४० पिक्सेलमध्ये पार्टचा कमी भाग मावतो, आणि प्रोग्रॅममधली सगळी मापं चुकतात. म्हणून सेन्सरचा मोठा भाग वाचून कॅमेऱ्याच्या आतच चित्र जुन्या प्रमाणात आणतो आणि मग बाहेर पाठवतो. मशीन चालवणाऱ्या पीएलसी कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे चित्र घ्यायचा इशारा, त्याच पिनवर येतो. मेंटेनन्सवाला चार स्क्रू काढतो, चार लावतो, लाइन सुरू.

मोठ्या कंपनीला हे परवडत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका कारखान्याला चार हवेत, दुसऱ्याला सहा, तेही वेगळ्या आकाराचे. आमच्यासाठी सहा कॅमेरे ही भरघोस ऑर्डर असते.

सी-माउंट या लेन्स बसवायच्या ठरलेल्या पद्धतीत लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १७.५२६ मिलिमीटर लागतं. आमच्याकडे आयटीआय झालेल्या मुली प्रत्येक बॉडीत पितळी शिम (पातळ चकत्या) घालून ते जुळवतात. प्रेसच्या हादऱ्याने लेन्स सैल होते, त्यामुळे आम्ही तीन बाजूंनी ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) देतो. हे कॅटलॉगमध्ये नव्हतं, ग्राहकाच्या शॉप फ्लोअरवर उभं राहिल्यावर सुचलं.

पैशाबाबत आम्ही कडक आहोत. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्या, असं एमएसएमई कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर पगार होत नाहीत. निम्मी रक्कम पीओसोबतच, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डरसोबतच घेतो. सीसीटीव्ही बनवा असा सल्लाही बरेच देतात. तिथे सगळा खेळ भावाचा आणि संख्येचा, त्यात आम्ही पडणार नाही.

फोटोग्राफीच्या कॅमेऱ्यांत लायकाने २०१२ मध्ये आणि पेंटॅक्सने २०२३ मध्ये फक्त कृष्णधवल चित्र घेणारा डिजिटल कॅमेरा काढला. रंगाचा फिल्टर नसला की पिक्सेलला जास्त प्रकाश मिळतो, हे आमच्या कामात रोजचं आहे. पण घेणारे थोडे असतील हे माहीत असून त्यांनी तो काढला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

सध्या इचलकरंजीच्या एका कापडवाल्यासाठी तुटलेला धागा पकडणाऱ्या कॅमेऱ्यावर काम चालू आहे. कापड सरकत असताना एकेक ओळ टिपणारा लाइन स्कॅन सेन्सर त्यात लागतो. चित्र छान येतंय, पण मागावर उडणारे कापसाचे तंतू लेन्सवर बसतात. पुढच्या चाचणीत लेन्ससमोर हवेचा झोत लावून बघणार आहोत.