फासा पडून गेल्यावर

मराठी शाळेत शिकलेलं मूल दहावीपर्यंत कितीतरी जणांची मनोगतं लिहितं. फाटक्या पुस्तकाचं, आटलेल्या नदीचं, पडक्या किल्ल्याचं, निवृत्त सैनिकाचं. ‘होय, मी नदी बोलतेय’ असं बेधडक लिहिणारी ही मुलं पुढे माझ्याकडे एस. वाय. बी. ए.ला येतात. ललित लेखनाच्या पेपरसाठी मी त्यांना स्वतःबद्दल चार पानं लिहायला सांगते, आणि त्यांचे हात थांबतात. लिहिलंच तर असं लिहितात: माझे बाबा खूप कष्टाळू आहेत, त्यांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही, त्यांचे उपकार मी कधीही फेडू शकणार नाही. यातलं एक अक्षरही खोटं नसतं. पण ते बाबा डोळ्यांपुढे येत नाहीत. वाक्यं वाचून झाली की कुणाच्याही बाबांना तिथे बसवता येतं.

पुण्यात मी हे अकरा वर्षं शिकवते आहे. त्यातली सहा वर्षं रविवारी दुपारी चार ते आठ मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. कोथरूडला एका मैत्रिणीच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सहा जण बसतो. एक दाताची डॉक्टर, दोघं आयटीतले, एक बँकेतले काका, मैत्रीण आणि मी. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समोर पट असलाच पाहिजे असं नाही. प्रत्येकाकडे एक कागद असतो, कॅरेक्टर शीट. तुमचं पात्र कोण, त्याच्यात ताकद, चपळाई, शहाणपण किती, पिशवीत काय काय आहे, ते कुणाशी बांधलेलं आहे आणि त्याच्यातली उणीव कोणती, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर, होतो. तो प्रसंग मांडतो आणि विचारतो, “तू काय करतेस?” तुम्ही सांगता. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. किती पडले यावर पुढची गोष्ट ठरते. जिंकणं-हरणं असं काही नसतं, गोष्ट वर्षानुवर्षं चालू राहते.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ छापून बाहेर आणला. सैन्यांच्या लुटुपुटीच्या लढाया खेळणारी ही मंडळी होती. पटावर पलटणीच्या पलटणी हलवता हलवता त्यांना एकेका माणसाच्या आत शिरून खेळावंसं वाटलं. मला त्या सालाचं फार अप्रूप वाटतं, कारण त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या आठवड्यात मात्र त्या रोज शेजारी शेजारी बसतात.

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मी फाशांची पिशवी वर्गात नेली. सकाळपासून पाऊस होता, बावीस-तेवीसच मुलं आली होती. मी घरी अर्ध्या पानाचा एक तक्ता करून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. वर पूर्ण नाव. मग: वय (बारा किंवा त्याखालचं एक निवडा). जागा. खिशात आणि दप्तरात काय आहे? कशाची भीती वाटते? या क्षणी काय हवं आहे? अलीकडे कुणाशी काय खोटं बोललात? मुलांना सांगितलं की हे तुमचं पात्र आहे. ते तुम्हीच आहात, पण आज ते तुमच्या हातातल्या कागदावर आहे. दोघांदोघांच्या जोड्या करा. एकाने डीएम व्हायचं आणि दुसऱ्याला त्याच्या त्या वयातल्या एका दिवसात न्यायचं. डीएमने ‘तुला काय वाटतं?’ हे विचारायचं नाही. फक्त ‘तू काय करतोस?’ विचारायचं.

एक नियम मी आमच्या टेबलावरून जसाच्या तसा आणला होता. टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेलं एक कार्ड असतं. गोष्ट नको तिथे चालली असं कुणालाही वाटलं की त्याने त्या कार्डाला हात लावायचा. कारण विचारायचं नाही, तो भाग सोडून पुढे जायचं. जॉन स्टाव्ह्रोपूलोस नावाच्या खेळाडूने ही पद्धत मांडली आणि जगभरच्या टेबलांवर ती रुळली. स्वतःबद्दल लिहायला लावणाऱ्या प्रत्येक वर्गात ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलांना आपण ‘मनातलं लिहा’ म्हणतो, आणि मनात काय असेल याची आपल्याला कल्पना नसते. त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांतच खिडकीजवळच्या एका मुलीने कार्डाला बोट लावलं. तिच्या जोडीदारणीने मान हलवली आणि दुसरं वय निवडलं. तेवढ्यासाठीसुद्धा तो कागदाचा तुकडा वर्गात असणं मला मोलाचं वाटलं.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाचा जोडीदार आला नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेला, होस्टेलवर राहणारा हा मुलगा कधी तोंड उघडत नसे. त्याच्या पहिल्या निबंधातले बाबाही कष्टाळूच होते. मी त्याच्या समोर बसले आणि म्हणाले, “मी होते तुझी डीएम.”

त्याने तक्ता भरून ठेवला होता. वय दहा, पाचवीत. जागा: एसटी. खिशात बसचा पास, पेनाचं टोपण, अर्धी खाल्लेली चिक्की, तीही कागदात गुंडाळलेली. भीती: इंग्रजीचा तास. अलीकडचं खोटं: ‘बाबा डेपोत साहेब आहेत.’

मी दोन-चार प्रश्न विचारले. चौथीपर्यंत तो गावच्या शाळेत होता, पाचवीला तालुक्याला घातलं. नवे मित्र, बहुतेकांचे वडील नोकरदार. सकाळच्या गाडीने सगळे मिळून जायचे. त्याचे बाबा एसटीत कंडक्टर, पण त्यांची ड्यूटी लांबच्या मुक्कामी गाडीवर. त्यामुळे ते खोटं दोन महिने नीट टिकलं होतं.

“ठीक,” मी म्हणाले. “गाडी आली आहे. तू मित्रांबरोबर चढलास. गर्दी आहे, तू उभा आहेस. काय दिसतं?”

“कंडक्टर पाठमोरा आहे. तिकिटं देतोय.”

“मग?”

“वळला.” तो थोडा थांबला. “बाबा आहेत. सकाळच्या गाडीवरचे काका रजेवर होते, म्हणून यांना पाठवलंय.”

आजूबाजूच्या दोन जोड्यांचा खेळ थांबल्याचं मला जाणवलं. मी फुलीचं कार्ड त्याच्या हाताजवळ सरकवलं. त्याने ते पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहायला लागला.

“बाबा तुझ्यापर्यंत आलेत,” मी म्हणाले. “हात पुढे केला. म्हणतात, पास. मित्र शेजारीच आहेत. तू काय करतोस?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “हाक मारायचीय.”

अशा वेळी टेबलावर जे करते तेच मी केलं. हे काम या पात्रासाठी अवघड आहे असं ठरवलं, बारा किंवा त्याहून जास्त पडले तर जमलं असं मनात धरलं आणि वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात दिला. त्याने टाकला. फासा वहीवरून घरंगळत बाकाच्या कडेला जाऊन थांबला. सतरा. मागच्या बाकावरून कुणीतरी “येस!” म्हणालं, दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मलाही मनापासून आनंद झाला. मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, की तू हाक मारतोस आणि बाबा...

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “मी हाक मारली नव्हती.”

टाळ्या थांबल्या. मागची मुलगी हळूच म्हणाली, “परत टाक ना.”

“टाकून काय होणार? कितीही पडले तरी नव्हतीच मारली.”

मी त्या बाकासमोर बसून राहिले. सहा वर्षं मी हा खेळ खेळते. निबंध आणि खेळ यांच्यातलं साम्य मुलांना दाखवायचं म्हणून मी वर्गात आले होते. आमच्या खेळात माझ्या पात्राचा धाकटा भाऊ एका पुलावरून पडला, कारण मी फासा टाकला आणि तीन पडले. त्यावर मी रविवारी रात्री खरोखर रडले आहे. पण फासा पडेपर्यंत तो भाऊ वाचू शकत होता, आणि त्या अर्ध्या क्षणासाठीच आम्ही खेळतो. या मुलाचा फासा नऊ वर्षांपूर्वी पडून गेला होता. त्याच्या हाती नवा फासा देऊन मी त्याला त्यातून सुटण्याची वाट दाखवत होते. त्याला ती नको होती. खरं काय घडलं हे सोडायला तो तयार नव्हता. ललित लेखनासाठी जे लागतं ते त्याच्याकडे पुरेपूर होतं, आणि त्याच्या पहिल्या निबंधावर मी ‘अधिक प्रामाणिकपणे लिहा’ असा शेरा दिला होता.

मी फासा पिशवीत टाकला आणि प्रश्न बदलला. “बरं. तू हाक मारत नाहीस. मग काय घडतं? फक्त दिसलं तेवढंच सांग.”

आता तो सलग बोलला. एरवी कंडक्टर नुसती नजर टाकून पुढे जायचे, बाबांनी पास हातात घेतला. पासवर त्याचा फोटो होता आणि पूर्ण नाव होतं. आधी त्याचं, मग बाबांचं, मग आडनाव. बाबांनी तो सरळ धरून वाचला. बाबांच्या गळ्यात मशीन होतं, त्याच्या फटीतून कोऱ्या कागदाची पट्टी लोंबत होती. तो त्या पट्टीकडेच बघत राहिला.

“किती वेळ?”

“मागचा मित्र म्हणाला, ‘काका, माझा बघा ना.’ तोपर्यंत.”

“मग?”

“पास परत दिला. म्हणाले, ‘पुढं सरका.’ अहोजाहो नाही मॅडम, सगळ्यांनाच म्हणाले. मी पण सरकलो.”

“आणि घरी?”

“बाबा रात्री उशिरा आले. मी झोपलो होतो. म्हणजे जागाच होतो.”

तासाची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मला काही बोलावंसं वाटत होतं, पण त्या मुलाचं बोलणं संपलेलं आहे आणि त्यावर माझ्या वाक्याची गरज नाही, एवढं कळत होतं. मी म्हणाले, “सोमवारपर्यंत हे लिहून आण. जसं सांगितलंस तसंच. नवीन काही घालू नकोस.”

सोमवारी त्याने सव्वादोन पानं आणली. त्यात कष्टाळू हा शब्द नव्हता, उपकार नव्हते, शेवटी बाबांची माफी मागितलेली नव्हती. चिक्की होती. कागदाची पट्टी होती. ‘काका, माझा बघा ना’ होतं. माझ्या बाबांना दुसऱ्या कुणीतरी हाक मारली, असं एक वाक्य त्याने त्यापुढे लिहून मग खोडलं होतं. मी त्याला ते परत लिहायला सांगितलं. यावर आमची पंधरा मिनिटं चर्चा झाली. शेवटी त्याचं ऐकून आम्ही ते काढलंच, आणि आता मला वाटतं की त्याचंच खरं होतं.

बाकीच्यांचंही लिहून आलं. सगळं काही असं नव्हतं, काहींच्या हातात फासा देऊनही कष्टाळू बाबा आले. पण ‘खिशात काय आहे’ या रकान्याने निम्म्या वर्गाला एकेक तरी वस्तू मिळवून दिली, आणि एक वस्तू सापडली की तिच्या मागोमाग माणसं येतात. त्यानंतर मी दर वर्गात तो तक्ता वापरते. फासा मात्र आता फक्त कल्पित गोष्टींच्या तासाला नेते. आठवणींच्या तासाला तो घरी ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा होता. हातात निबंधाची तीच प्रत.

“मॅडम, एक विचारायचं होतं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांना विचारलं. तुम्हाला आठवतं का, मी पाचवीत असताना तुम्ही सकाळच्या गाडीवर आला होता.”

“आठवलं त्यांना?”

“लगेच. मी विचारलं, माझा पास एवढा वेळ का बघत होता. तर म्हणाले, मुदत बघत होतो. संपत आली होती.”

आम्ही दोघंही काही वेळ तसेच उभे होतो.

“खरंच संपत आली होती का?” मी विचारलं.

“मला आठवत नाही. महिन्याची सुरुवात होती का शेवट, तेच आठवत नाही.” त्याने प्रत पुढे केली. “हे घालू का? पण मग आधीचं सगळं चुकीचं ठरेल का? मी लिहिलंय की त्यांनी नाव वाचलं.”

मी त्याला मोंतेन्यची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या या माणसाने १५८० साली आपल्या लेखनाला ‘एसे’ म्हणजे प्रयत्न असं नाव दिलं, आणि पुस्तक छापून झाल्यावरही १५९२ मध्ये मरेपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासात लिहीत राहिला. बहुतेक वेळा जुनं तसंच ठेवून शेजारी नवं लिहायचा. मग मी त्याला माझं पेन दिलं. त्याने दारातच, प्रत भिंतीवर टेकवून, शेवटच्या ओळीखाली लिहिलं: बाबा म्हणतात, ते मुदत बघत होते.