दिवे मालवल्यावरचा दमटपणा: ग्रो टेंटमधला माझा अनुभव

सुरुवात झाली ती ग्रो टेंटच्या, म्हणजे घरात दिव्यांखाली झाडं वाढवायच्या बंदिस्त तंबूच्या, कापडावरच्या थेंबांपासून. पहाटे सहज चेन उघडली, तर आतली चकचकीत बाजू घाम फुटल्यासारखी ओली. आत टोमॅटोची चार झाडं, दोन मिरच्या आणि उगाच हौस म्हणून लावलेली तुळस. दिवसा सगळं ठणठणीत दिसायचं. आठवडाभरात मात्र टोमॅटोच्या एका खोडावर, जिथून पान खुडलं होतं तिथे, राखाडी लव उगवली. करडी बुरशी.

काट्यावर आर्द्रता ६० टक्के दिसायची, म्हणून मी निर्धास्त होतो. पण तो काटा मी बघायचो दिवसा, आणि टांगला होता छताजवळ, दिव्याच्या शेजारी. म्हणजे तंबूतल्या सगळ्यात कोरड्या जागी. नोंद ठेवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणून पानांच्या दाटीत लटकवला. त्याने सांगितलं: दिवे गेल्यावर आकडा चढत चढत पहाटे ९१. त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा, म्हणून मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, हायग्रोमीटरसकट हवाबंद पिशवीत रात्रभर. आत ७५ टक्के आर्द्रता व्हायला हवी. याने दाखवले ७१. म्हणजे माझे ९१ खरं तर ९५ च्या आसपास होते!

पहिला उपाय अगदीच पोरकट होता: ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. नंतर हिशेब मांडला तेव्हा स्वतःचंच हसू आलं. झाड जितकं पाणी शोषतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत सोडून देतं. मी रोज सुमारे दोन लिटर पाणी घालत होतो. सिलिका जेल अगदी तुडुंब भिजलं तरी स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. म्हणजे रोज पाच किलो पुड्या लागल्या असत्या.

मग लक्षात आलं की रात्री पाणी वाढतच नव्हतं, निदान फारसं नाही. २६ अंशांना ६० टक्के असलेली हवा १९ अंशांपर्यंत गार झाली, की तीच हवा, तेवढ्याच वाफेसह, ९२ टक्क्यांवर जाते. साडेसतरा अंशांच्या आसपास दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. तंबूचं कापड खोलीच्या गार हवेला लागून असतं, त्यामुळे थेंब आधी तिथेच धरतात. दिवे गेल्यावर झाडं पाणी कमी सोडतात, पण भिजलेली माती आणि खालच्या ट्रेमधलं पाणी थांबत नाही.

आणि एक्झॉस्ट फॅन? तो मी दिव्यांच्याच टायमरवर लावला होता. दिवे बंद, फॅन बंद. हे कळायला मला तीन आठवडे लागले. फॅन चोवीस तास सुरू ठेवला, रात्री हळू वेगावर. आकडा ८५ च्या खाली आला आणि तिथेच अडला. कारण फॅन ओली हवा टाकत होता त्याच बंद खोलीत, आणि तंबू तीच परत ओढून घेत होता. डक्टची नळी खिडकीबाहेर काढली, तेव्हा कुठे आणखी फरक पडला.

पाणी देणं सकाळवर नेलं, म्हणजे दिवे लागल्यावर लगेच. ट्रेमध्ये साचलेलं तासाभरात ओतून टाकायचं. खालची दाट पानं विरळ केली. हवेतली ओल खेचणारा डीह्युमिडिफायर आधी तंबूत ठेवून पाहिला: जागा अडली, टाकी भरून तो मध्यरात्री बंद पडला, आणि दिवसा त्याच्या उष्णतेने आत भट्टी. आता तो बाहेर खोलीत आहे, नळी बादलीत सोडून. फॅन तीच कोरडी हवा आत ओढतो.

तरी सगळ्यात मोठा फरक पडला तो एका फुकटच्या गोष्टीने. दिव्यांची वेळच उलटी केली. दिवे रात्री चालू, झाडांची ‘रात्र’ दिवसा. खोली दिवसा मुळातच उबदार, त्यामुळे अंधारात तापमान जेमतेम तीन अंशांनी उतरतं. आणि रात्री खोली गार होते तेव्हा दिव्यांची ऊब आत असते. बदल केला त्या दिवशी झाडांना एक लांबलचक अंधार सोसावा लागला, पण त्यांनी कुरकूर केली नाही. मिरचीची दोन फुलं गळली. ती यामुळेच, असं मी म्हणणार नाही.

आता अंधाराच्या शेवटी आकडा ६८ ते ७२ मध्ये असतो. बुरशीचं खोड कापून टाकलं, बाकीची झाडं बचावली. डाव्या कोपऱ्यात मात्र एक फांदी कापडाला टेकते, आणि टेकलेलं पान अजूनही अधूनमधून ओलं सापडतं. तिला दोरीने मागे ओढून बांधायचंय.