बायपाससाठी मुंबईला निघण्याआधी

बायपासची तारीख पुढे जाते, ती कित्येकदा हृदयामुळे नाहीच. सर्दी-ताप, वाढलेली साखर, वेळेत बंद न केलेली एक गोळी, नाहीतर त्या सकाळी घेतलेला अर्धा कप चहा. मुंबईकर घरी जाऊन परत येतो. बुलढाण्याहून किंवा नंदुरबारहून आलेल्याचा परळमधला मुक्काम आठवडाभर लांबतो आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. म्हणून तयारी गावातच सुरू करायची.

आधी गोळ्या. रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस आधी थांबवतात, कारण तिचा प्लेटलेटवरचा परिणाम लगेच उतरत नाही आणि ऑपरेशनमध्ये रक्तस्राव वाढतो. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. साखरेची डापाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी बंद करावी लागते. नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मात्र यातलं काहीही मनानं करू नका, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) बसवलेला असेल तर मुळीच नाही. कोणती गोळी कधी थांबवायची ते सर्जनकडून कागदावर घ्या. त्यांना 'संध्याकाळची पांढरी गोळी' सांगून कळत नाही, सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. अर्जुनसालीचा काढा, लसणाच्या कॅप्सूल हेही दाखवा.

तंबाखू, बिडी ४ आठवडे आधी सुटायला हवी. मिश्री लावणाऱ्या बायका 'मी तंबाखू खात नाही' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात, तेव्हा मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. हलणारा दात आधीच दाखवा, श्वासासाठी घशात नळी घालताना तो निसटतो. छातीचे, पायाचे केस घरी रेझरनं काढू नका. बारीक चिरांतून जंतू शिरतात; वॉर्डात क्लिपरनं काढतात.

फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर आधीच आणा. निम्मे लोक त्यात फुंकतात! फुंकायचं नाही, श्वास हळू आत ओढायचा आणि चेंडू ३ सेकंद वर धरायचा. जागेपणी तासाला १० वेळा. कापलेल्या छातीनं हे नव्यानं शिकणं फार जड जातं.

ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते निघण्याआधी पाहा. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र तिथंच अडतो. रक्तदाते किती लागतील तेही विचारून घ्या: वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांनी मागचं रक्तदान करून ३ महिने झालेले.

आदल्या रात्री हलकं जेवण. ऑपरेशनआधी ६ तास अन्न नाही. दुधाचा चहाही अन्नातच मोजतात. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतात, बहुधा २ तास आधीपर्यंत. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरवाव्या लागतात. ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सनं घाईनं काढण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी लेकीनं किंवा बहिणीनं शांतपणे काढलेली बरी. नखांवरची मेंदी, नेलपॉलिशही नको, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो.

सगळ्यात मोठी भीती जाग येताना वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. घशात नळी असते, आवाज फुटत नाही, हात सैल बांधलेले असू शकतात. माणसाला वाटतं, वाचा गेली. नळी निघाली की आवाज येतो, हे घरीच चार वेळा सांगून ठेवा. खुणाही ठरवा: एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे श्वास लागतोय, मूठ म्हणजे तहान.

म्हाताऱ्या माणसांना आयसीयूत कधी कधी भ्रम होतो. छताकडे बोट दाखवतील, तुम्हाला ओळखणार नाहीत. ही बाहेरची बाधा नव्हे. नर्सला लगेच सांगा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, भेटीच्या वेळी वार, वेळ, जागा सांगत राहा. बहुतेकांचा तो काही दिवसांत उतरतो.

परतीचं तिकीट डिस्चार्ज ठरल्यावरच काढा, खालचा बर्थ बघून. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळेपर्यंत ६ ते ८ आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. मोटारीनं जाणार असाल तर दर दीड तासाला उतरून चार पावलं चालवा. बायपाससाठी ज्यातून शीर काढली तो पाय लोंबत राहिला की सुजतो.