माघवारी आणि माईचं गाव

आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावातून दर माघात एक दिंडी मुक्ताईनगरला जाते. साठ-सत्तर माणसं, एक वीणा, एक पखवाज, सामानाला ट्रॅक्टर. वद्य सप्तमीला पहाटे निघायचं आणि एकादशीला मुक्ताईच्या पायाशी पोचायचं. जवळपास शंभर किलोमीटर होतात. आषाढीइतका गाजावाजा या वारीचा नाही, पण त्या दिवसांत खानदेश, वऱ्हाड आणि बऱ्हाणपूरकडच्या दिंड्या तापी-पूर्णेच्या संगमाकडे चालत असतात, आणि पुढे महाशिवरात्रीपर्यंत कोथळी-चांगदेवला जत्रा भरते.

माझे वडील या दिंडीत एकतीस वर्षं चालले. मी एकदाही गेलो नव्हतो. वडील होते तोवर शेताचं निमित्त असायचं. ते 2017 मध्ये गेले, आणि नंतर न जाण्याचं कारण वेगळं होतं. दिंडीचा दुसरा मुक्काम साकळीच्या पुढे एका गावात असतो. त्या गावात माझी बहीण दिलेली आहे. ती तिथे नांदायला गेल्यापासून त्या रात्रीचं जेवण तिच्या घरचं. वडील गेल्यावरही तिने ते चालू ठेवलं. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी जात नव्हतो.

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. घरात आम्ही तिला माई म्हणतो.

वडिलांनंतर जमिनीवर वारस लागले, सातबाऱ्यावर आई, मी आणि माई अशी तीन नावं आली. भावकीतल्या चार जणांनी सांगितलं, बहिणीची हक्कसोड करून घे, पुढे भाच्यांचा ताप नको. सगळेच करतात. 2005 पासून मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कायदा वेगळा आणि रीत वेगळी, असं आपण सहज म्हणून जातो, तसं मीही म्हणालो. 2018 च्या मार्चमध्ये माईला फोन केला. ती लगेच दुसऱ्या दिवशी एसटीने आली, सोबत शिदोरीचा डबा आणि कडेवर लहाना.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो झाला, अंगठा झाला. कारकुनाने कागद वाचून दाखवला. त्यात ‘नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला’ असे शब्द होते. त्याने विचारलं, "राजीखुशीने सोडता ना ताई?" माई त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून हो म्हणाली. अंगठ्याची शाई तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसली, बाहेरून डाग दिसू नये म्हणून. बाहेर लिंबाखाली बसून आम्ही तिच्या डब्यातल्या भाकरी खाल्ल्या आणि उठता उठता ती म्हणाली, "दादा, आखाजीले माले लेवाले येशी ना?"

मी म्हणालो, "हे काय विचारणं झालं?"

खानदेशात नसलेल्यांसाठी सांगतो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पूर्वजांची घागर त्याच दिवशी भरतात. आणि लेक आपली आपण येत नाही, भाऊ मुराळी म्हणून तिला घ्यायला जातो.

त्या वर्षी मी गेलो. पुढच्या वर्षी आखाजीच्या आधी मेहुण्यांचा अपघात झाला. पायात सळई बसली, शेतमजुरी सुटली. दवाखान्यात मी एकदाच जाऊन आलो, तेही वीस मिनिटं. आपल्याकडे ती पैसे मागेल अशी भीती वाटत होती. तिने मागितले नाहीत, मागणारही नव्हती. पण मी त्या भीतीने आखाजीला गेलो नाही, आणि एकदा न गेलेला माणूस दुसऱ्या वर्षी कोणत्या तोंडाने जाणार? भाऊबीजही चुकवायला लागलो.

2021 मध्ये माझी पाळी आली. मृगबागेत केळीची चार हजार रोपं लावली होती, सगळी टिश्यूची, निम्मी उधारीवर. दीड महिन्यात पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, आकसून जळायला लागला. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. मावा तो पसरवतो, औषध नाही. रोगट झाड उपटून लांब नेऊन गाडायचं एवढाच इलाज. आधी शंभर उपटली, मग पाचशे, मग मजूर लावून निम्मी बाग. कोवळं केळीचं झाड उपटताना फार जोर लागत नाही, त्यानेच जास्त वाईट वाटतं. त्या आठवड्यात माईचा तीनदा फोन आला. मी उचलला नाही. रात्री मोबाईलवर तिला लिहायला घ्यायचो. ‘प्रिय माई’ लिहायचो, खोडायचो. ‘माई, कशी आहेस’ लिहायचो, तेही खोडायचो. मोठा भाऊ म्हणून लिहावं तर मोठेपणासारखं काही केलेलं नव्हतं, आणि माफी मागावी तर कुठल्या शब्दाने सुरुवात करावी कळत नव्हतं. अशी दोन-अडीच वर्षं गेली.

यंदा आई म्हणाली, "तुझ्या बापाची माळ खुंटीवर सुकते आहे, घाल नाहीतर तापीत सोडून ये." मी माळ घातली आणि सप्तमीला पहाटे दिंडीत उभा राहिलो.

पहिला दिवस अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने. अडावद, धानोरा. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे केळी, गहू, हरभरा. पहाटे कानटोपी लागते आणि अकरा वाजता डोकं तापतं असा तो काळ. केळीचे ट्रक अंगावर आल्यासारखे जातात, त्यामुळे चोपदार सारखा रांगेत राहा म्हणून ओरडत असतो. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. पासष्टीच्या एका आजींनी सुईत दोरा ओवून फोडातून काढला आणि दोरा आतच ठेवला, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी निघत नाही. "तुझा बाप पहिल्या वर्षी असाच लंगडला होता," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं चाललेले वडील कधीतरी लंगडले असतील हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी किनगाव मागे पडलं आणि माझे पाय आपोआप मागे राहायला लागले. साकळी गेली. तिच्या गावाच्या शिवेवर बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या होत्या. माई वीणेकऱ्याच्या पायावर पाणी घालत होती. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. मी टाळकऱ्यांच्या मागे होतो. तिने मला पाहिलं की नाही कळलं नाही. रांगेतल्या प्रत्येकाच्या पायावर ती पाणी घालत आली, माझ्याही घातलं. फोडात दोरा ओवलेल्या टाचेवर जरा थांबली आणि पुढच्या माणसाकडे गेली.

रात्री मारुतीच्या पटांगणात पंगत बसली. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. मी मुद्दाम शेवटच्या टोकाला बसलो. भाचा बट्ट्या वाढत होता, त्याला ओठावर मिसरूड फुटलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. "घ्या माउली" म्हणाला आणि गेला. मागून माई तुपाचं पातेलं घेऊन आली. माझ्यापुढे वाकली, बट्टी बोटांनी चुरली (लहानपणी तिची बट्टी मी चुरून द्यायचो, तिला गरम सोसायची नाही), मधोमध खळगा केला आणि तूप ओतलं. ओतत राहिली. तूप पत्रावळीच्या काठापर्यंत आलं. मी हात आडवा केला नाही. मग ती म्हणाली, "आखो एक ले."

तेवढंच.

जेवणानंतर कीर्तन होतं. महाराजांनी चांगदेवांचा प्रसंग घेतला. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेले चांगदेव. वयाने मोठे म्हणून आशीर्वाद लिहावा तर समोरचा ज्ञानाने मोठा, नमस्कार लिहावा तर तो पोरगा. मायनाच सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि चांगदेवांनी शेवटी गुरू केलं ते मुक्ताईला, चार भावंडांतल्या सगळ्यांत धाकटीला. ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आलो आहे. त्या रात्री ऐकताना मला खिशातला मोबाईल जड वाटायला लागला. समोर बायकांमध्ये माई बसली होती. पेंगत होती. पहाटे चारला उठून सत्तर माणसांचा स्वयंपाक मांडला होता तिने.

सगळे पांगल्यावर मी तिच्या ओट्यावर गेलो. मेहुणे काठी टेकत बाहेर आले, या म्हणाले, आत जाऊन झोपले. दारातच पिठाची गिरणी. अपघातानंतर बचतगटाच्या कर्जातून घेतलेली, माईच चालवते. तिने वाटीत खोबरेल आणि हळद आणली. पाय दे म्हणाली. मी दिला नाही, वाटी हातात घेतली. पीठ उडून तिच्या भुवया पांढुरक्या झालेल्या. मी म्हणालो, "माई, मी चुकलो. जमिनीचं."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की सही केली त्या दिवशी तिला जमीन गेली असं वाटलंच नाही. ते चार वर्षांनी वाटलं. आखाजीच्या आदल्या दिवशी शेजारणीचे भाऊ मोटारसायकलवर येत होते आणि ती गिरणीचा पट्टा घसरतोय म्हणून तो बसवत होती. गाडी वाजली की मान वर व्हायची. संध्याकाळी तिने कागदावर लिहून हिशोब केला, आपल्या वाट्याला किती आलं असतं. "तोपर्यंत कधी केला नव्हता," म्हणाली. "तू आला असतास तर केलाच नसता."

मी म्हणालो, तुझं नाव परत लावतो. ती म्हणाली, "कागदाचं राहू दे, नंतर बघ. आखाजीले येशी का ते सांग."

सकाळी शिवेपर्यंत ती आली. पुढे येता येत नव्हतं, दळणाचे डबे रांगेत लागले होते.

पुढचे दिवस मला फारसे आठवत नाहीत. यावल, मग तापी ओलांडली, भुसावळच्या गर्दीतून वरणगावच्या बाजूला लागलो, महामार्गाचा धूर. एकादशीला कोथळीच्या जुन्या मंदिरात दर्शनाला चार तास लागले. शके 1219 म्हणजे 1297 मध्ये, वैशाख वद्य दशमीला, तापीकाठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली असं परंपरा सांगते. रांगेत माझ्यापुढची बाई लेकीला सांगत होती, मुक्ताईने भावाला हाक मारून दार उघडायला लावलं म्हणून. ताटीचे अभंग. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’. मला तोवर नेहमी वाटायचं की रुसून आत बसलेला तो भाऊ खरा मोठा, आणि बहीण समजूत घालणारी. आता वाटतं, सगळ्या बहिणींनी दाराबाहेर उभं राहून हाका मारत राहायच्या आणि आपण उघडलं म्हणून आपलं कौतुक, हे कुठवर चालायचं? आपली बहीण काही बोलत नाही, त्याला आपण तिची संमती समजतो. "नंतर बघ" म्हणाली म्हणून मी खरंच नंतर बघत बसलो, तर ती पुन्हा एकदा माझ्याच सोयीची सही झाली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. भांडण होईल असं धरून चाललो होतो. ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "माझ्या भावाने माझी सही घेतली तेव्हा तुम्ही काही बोलला नव्हता." मला ते आठवतही नव्हतं. तिचीही हक्कसोड झालेली आहे, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, मीच तिला मोटारसायकलवर कचेरीत नेलं होतं. ती रात्र आम्ही दोघं फार कमी झोपलो.

चोपड्यातल्या वकिलांना भेटलो. हक्कसोड रद्द करण्याच्या फंदात पडू नका, सरळ बक्षीसपत्राने तिच्या नावे करून द्या असं त्यांनी सांगितलं. विहिरीलगतचा सव्वा एकर. कागद तयार होतो आहे. भावकीत दोघांनी बोलणं टाकलं आहे. आईने एकदाच विचारलं, सव्वाच का? तिचा हिस्सा त्याहून जास्त होतो. केळीचं कर्ज बँकेत आहे, बाकीच्या जमिनीवर बोजा आहे, तो उतरल्याशिवाय उरलेलं देता येत नाही. आईला ते सांगितलं. माईला अजून सांगायचं आहे, आणि फोनवर नाही.

आखाजी नऊ दिवसांवर आली आहे. माळ्यावरून झोक्याचा जुना दोर काढला तर उंदरांनी कुरतडलेला. काल बाजारातून नवा आणला, चाळीस फूट. पोराने लिंबावर चढून बांधला आणि खाली उतरून मला म्हणाला, आधी तुम्ही बसून बघा, आत्याचं वजन पेलतो का. बसलो. फांदी जराशी करकरली. वडिलांच्या घागरीसाठी मडकं आणायचं राहिलं आहे, ते बुधवारच्या बाजारात आणतो.